रस्त्याकडची भिंत

जुलै आला की आमच्या काउंटीतली माणसं स्वतःच्या घराची निंदा करायला लागतात. एरवी कुणी म्हणून तर बघा, तुमचं छप्पर जरा वाकलंय हो. दोन वर्षं बोलणं बंद. पण घरपट्टीसाठी घराची किंमत ठरवणारी मूल्यांकनाची पत्रं घरोघर पडली, की हीच माणसं कोर्टहाउसात येऊन गळक्या छपरांचे आणि पोखरलेल्या वाशांचे पाढे वाचतात. मी काउंटी बोर्डाचा अध्यक्ष. घरपट्टीवरच्या हरकती आम्ही तिघं ऐकतो, आणि खरं सांगायचं तर वर्षभरात मला एवढी मजा दुसऱ्या कशात येत नाही. गेल्या साली एकानं माळ्यावर मेलेला रॅकून पुरावा म्हणून आणला होता. ते जनावर लवकर बाहेर जावं म्हणून आम्ही त्या माणसाच्या घराची किंमत कमी करून टाकली.

त्या सकाळी पोकोर्नी नवराबायको आले. अर्व्हिन पोकोर्नी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जातिवंत सुतार. काउंटीतल्या निम्म्या घरांना त्यांचा हात लागलाय, माझ्या जिन्यालासुद्धा. मार्जीनबाईंनी मला लहानपणी चर्चमध्ये शिकवलंय, त्यामुळे त्यांच्यासमोर अध्यक्ष होणं तसं अवघडच. यंदा त्यांच्या घराची किंमत जवळजवळ दुप्पट लावली होती. तेवढी घरपट्टी भरायची तर तळ्याकाठचं कुरण विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मार्जीनबाई रोज पहाटे त्या तळ्यावर गळ टाकून बसतात. ओमाहा शहरातला एक दंतवैद्य कुरणावर डोळा ठेवून आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"बोला अर्व्हिन," मी म्हणालो. "घरात काय काय बिघडलंय?"

"काही नाही."

मागच्या बाकांवर आपापल्या पाळीची वाट बघत वीसेक माणसं बसली होती. ती माना उंचावून बघायला लागली.

"अर्व्हिन!" मार्जीनबाई म्हणाल्या.

"काय अर्व्हिन? घर मी बांधलंय. त्यात काय बिघडणार?"

मूल्यांकन अधिकारी ट्वायला ब्रँट हिनं चष्मा सावरला. "आमच्या माणसानं रस्त्यावरून पाहणी केली. ताजा पांढरा रंग, नवा कठडा, खिडक्या चकचकीत. शेरा, उत्तम. आता मालकही तेच म्हणतायत."

"म्हणणारच! उत्तमच आहे," अर्व्हिन म्हणाले, आणि पहिल्यांदाच जरा खूश दिसले.

मी कपाळाला हात लावला. स्वतःच्याच हरकतीवर हरकत घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मार्जीनबाईंनी पर्स उघडून फोटोंचं पाकीट काढलं. अर्व्हिननी ते झडप घालून धरलं.

"हे कुणालाही दाखवायचं नाही."

"सोड."

"मागे अख्खी काउंटी बसलीय, मार्जीन! यातल्या निम्म्यांची घरं मी बांधलीत."

"मग त्यांनाच सांग," मार्जीनबाईंचा आवाज बारीक झाला, "की तळं त्या दातवाल्याला देऊन टाकलं, पण भिंती कुणाला दाखवल्या नाहीत. मी काही बोलणार नाही. उद्यापासून मी पहाटे स्वयंपाकघरात बसेन."

एवढं म्हणून त्या हात बांधून बसल्या. मला फार वाईट वाटलं, पण पुराव्याशिवाय आम्ही काय करणार? प्रत्येकाला वेळ ठरलेली असते; घड्याळात त्यांची तीन मिनिटं उरली होती.

अर्व्हिननी पाकीट उघडलं. मग उठले, टेबलापाशी आले आणि एकेक फोटो आमच्यापुढे मांडू लागले. कान लालभडक झाले होते.

"ही उत्तरेची भिंत. हिला सत्त्याऐंशी सालानंतर रंग नाही. ही मागची. हा टेकू आहे ना, तो रेल्वेचा जुना ओंडका. काढला तर न्हाणीघर बाहेर येईल. ही दक्षिणेची, इथं बोट लावलं तर आत जातं." त्यांनी घसा खाकरला. "दर वसंतात मी फक्त रस्त्याकडची बाजू रंगवतो. दिवसभर लोकांची घरं करायची, मग आपल्याला वेळ कुठं? बाकीच्या बाजू झाडांआड आहेत. म्हटलं, कोण बघतंय?"

कुणीतरी हसलं. अर्व्हिननी मान खाली घातली. तेवढ्यात मागून लुमीर वाव्हेर्का हा मक्यावाला शेतकरी उठला.

"हसता काय रे? मीसुद्धा रस्त्याकडचीच रंगवतो!"

"तुझी तीसुद्धा अख्खी कुठं रंगते?" त्याची बायको म्हणाली. "खिडकीच्या वर शिडी पोचत नाही म्हणून अर्धी सोडतोस."

मग काय, बांधच फुटला. कुणी पुढच्याच अंगणातलं गवत कापत होता, कुणाचं अर्धंच छप्पर नवं होतं. ट्वायलानं वही काढली. "थांबा, थांबा, सावकाश. म्हणजे मला यंदा प्रत्येक घराला चालत फेरी मारावी लागणार?"

"कुत्री बांधून ठेवतो," लुमीर म्हणाला.

मी टेबल ठोकलं. आम्हा तिघांना फार विचार करावा लागला नाही. आमच्याही आधी ट्वायलानंच मान हलवली, आणि आम्ही पोकोर्नींच्या घराची किंमत गेल्या साली होती तिथं आणून ठेवली. मार्जीनबाईंचा जीव भांड्यात पडला. अर्व्हिन मात्र जागचे हलेनात.

"ड्वेन," त्यांनी मला विचारलं, "हे फोटो फायलीत राहणार?"

"राहणार."

"म्हणजे कुणीही मागून बघू शकतो?"

"कायदाच आहे तसा, अर्व्हिन."

त्यांनी टोपी उचलली. पण मार्जीनबाई पुन्हा पर्समध्ये हात घालत होत्या. त्यांनी आणखी एक फोटो काढून बाकीच्यांच्या वर ठेवला. अर्व्हिन शिडीवर, हातात कुंचला, मागे पांढरीशुभ्र भिंत, आणि गडी असा ऐटीत उभा, जणू राज्याचं विधानभवन बांधून आत्ताच उतरतोय.

"हाही लाव, ड्वेन," त्या म्हणाल्या. "निकाल लागला ना आता? मग फाइल उघडणाऱ्याला आधी हा दिसू दे."

नियमानं पुराव्याची वेळ संपली होती. तरी मी शिक्का मारला.

अर्व्हिन वाकून फोटो बघत होते. "अगं, हा कधी काढलास?"

"यंदाचा आहे. दर वर्षीच काढते मी."