तक्त्यावरची शेवटची ओळ

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या उजव्या डोळ्यावर काळी चकती धरली आणि विचारलं, "आता समोर काय दिसतंय?"

"काही नाही."

"उजेडसुद्धा नाही?"

"आहे की. मळक्या चादरीआडून यावा तसा."

त्यांनी चकती बाजूला घेतली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढू आपण. डावा मात्र पार गेलाय. किती वर्षं झाली याला?"

"शेवटच्या लढतीत लागलं होतं," तो म्हणाला. हे उत्तर त्याच्या जिभेवर इतकं रुळलं होतं की ते खोटं आहे हे त्याचं त्यालाही आठवत नसे. वार्ताहरांना त्यानं हेच सांगितलं होतं. मुलीला हेच, जावयालाही हेच.

"बरं, बाबा आत बसलेत," डॉक्टरीणबाई उठता उठता म्हणाल्या. "तुम्ही येणार हे कळल्यापासून दाढी-बिढी करून तयार आहेत. पाच मिनिटं भेटाल का?"

तो खिडकीपाशी थांबला. बाहेर झाडाखालच्या बाकावर त्याची बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. रिक्षातून उतरल्यावर ती दारापर्यंत आली आणि तिथंच अडली. आतल्या औषधांच्या वासानं मळमळतं म्हणाली. नातवाच्या टायफॉइडमध्ये बारा दिवस दवाखान्यात मुक्काम ठोकणारी बाई! पण पन्नास वर्षांच्या संसारात कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठला नाही, एवढं त्याला कळत होतं.

आतली बोळकंडी तीच होती. फक्त तेव्हा त्याचे खांदे दोन्ही भिंतींना घासायचे, आता मधून आणखी एक माणूस गेला असता.

तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. मुष्टियुद्धाच्या अजिंक्यपदाची लढत तीन आठवड्यांवर आली होती आणि एका सकाळी सरावात त्याच्या डाव्या डोळ्यावर ठोसा बसला. तसा साधाच ठोसा, असे रोज पन्नास बसत. पण चौथ्या दिवशी त्या डोळ्यात वरून काळा पडदा उतरायला लागला आणि आठवड्याभरात पार खाली आला. हे त्यानं मास्तरांनाही सांगितलं नाही. मास्तरांनी त्याला कारखान्याच्या फाटकावरून उचलून आणलं होतं, नऊ वर्षं घासून घासून इथवर पोचवलं होतं. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे त्याचे हातमोजे सोडले असते.

सांगितलं फक्त बायकोला. लढतीआधी डॉक्टरीणबाईंचे वडील डोळे तपासून सही करत, त्याशिवाय रिंगणात उतरता येत नसे. मग चष्म्याचा नंबर काढायचं निमित्त करून ती याच दवाखान्यात आली आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता डोक्यात साठवून घरी गेली. तिनं तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे उतरवला आणि रोज भाकऱ्या थापता थापता त्याच्याकडून वदवून घेतला. शेवटची, सगळ्यात बारीक ओळ काही केल्या त्याच्या लक्षात राहीना. न, ग, भ, प, ल, य. तेव्हा तिनंच त्याचं वाक्य करून दिलं. नवरा गेला भांडायला, परत लवकर ये. त्यावर दोघं इतकी हसली, इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

तपासणीत तो पास झाला. लढतीत डावी बाजू दिसत नाही म्हणून तो उजवा पाय पुढे टाकून, मान वळवून, अंग तिरकं करून उभा राहिला. समोरच्या गड्याला हा काय प्रकार आहे तेच कळेना. अकराव्या फेरीत तो गडी खाली बसला तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी या पवित्र्याला 'नवी शैली' म्हटलं आणि लोकांनी त्याचं नाव ठेवलं, तिरपा. पुढची सहा वर्षं गल्लीबोळातली पोरं तिरपी उभी राहून एकमेकांना ठोसे मारत. न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो लागला. रस्त्यात भाजी घ्यायला थांबला तर भाजीवाली आधी हात पुढे करायची, "दाबा बघू," आणि मग एक जुडी वर टाकायची. काय दिवस होते! मूठ वळली की सगळं जग त्या मुठीत मावत होतं.

म्हातारे डॉक्टर आरामखुर्चीत बसले होते. गुडघ्यांवर शाल होती आणि गालावर दाढी करताना सुटलेला साबणाचा ठिपका.

"या, तिरपे पैलवान," ते म्हणाले. "बसा. माझ्या डाव्या बाजूला बसा, म्हणजे मी तुम्हाला दिसेन. तपासणीच्या दिवशीही तिथंच बसवायला हवं होतं तुम्हाला."

तो बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, डॉक्टर काय बोलले ते.

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुमच्या मिसेसनी सांगितलं."

"कधी? आत्ता?"

"नाही हो. तेव्हाच. तपासणीच्या आदल्या दिवशी." डॉक्टरांचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. "दुपारी दवाखाना बंद करत होतो, तर आल्या. उभ्याउभ्याच बोलल्या. म्हणाल्या, डॉक्टर, उद्या यांना नापास करा. डाव्या डोळ्यानं यांना काही दिसत नाही. तक्ता मीच पाठ करून घेतलाय. पण मी आले होते हे त्यांना कधी कळू देऊ नका."

त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"ती तर त्या दिवशी संध्याकाळीही माझ्याकडून म्हणून घेत होती," तो म्हणाला. "दोनदा चुकलो तर रागावली."

"असेल. त्यांनी सांगितलं म्हणून मी तक्ता बदलला. दुसरा लावला, अक्षरं वेगळी. तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, ताठ बसलात आणि धडाधड म्हणून दाखवलंत. वरपासून खालपर्यंत. एकसुद्धा अक्षर समोरच्या तक्त्यावरचं नव्हतं."

"एकही?"

"वरचा 'क' तेवढा जमला. दोन्हीकडे होता."

म्हातारा बारीक हसला. त्याला मात्र हसू आलं नाही. बेचाळीस वर्षं त्याला वाटत आलं होतं की आयुष्यात एक गोष्ट आपण अक्कलहुशारीनं मिळवली, बाकी सगळी हातांनी.

"मग तुम्ही सही का केलीत?"

डॉक्टरांनी शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"माझ्याकडे लढतीचं तिकीट होतं. तिसऱ्या रांगेतलं," ते म्हणाले. "तुमच्या आधीच्या सगळ्या लढती मी पाहिल्या होत्या. ती पाहायला मिळाली नसती तर मला चैन पडलं नसतं. बस, एवढंच. याहून बरं कारण इतकी वर्षं शोधतोय, सापडलेलं नाही. लढत थांबली असती तर तो डोळा कदाचित वाचलाही असता. हे मला तेव्हाही माहीत होतं."

त्याची मूठ आपोआप वळली होती. डॉक्टरांनी ती पाहिली, पण खुर्ची मागे सरकवली नाही.

"द्यायची असेल तर द्या एक. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे, तुम्हाला फार मेहनत पडणार नाही."

तो त्या मुठीकडे बघत राहिला. पंजाचा नीट न बसवलेला सांधा, मधल्या बोटावरचा व्रण. सही झाली नसती तर तो कारखान्यात परतला असता, फाटकावर हजेरी देऊन तीस वर्षांनी निवृत्त झाला असता. आणि दोन्ही डोळ्यांनी मुलीचं लग्न पाहिलं असतं. कुठलं पारडं जड, हे त्याला ठरवता येईना. हळूहळू बोटं सुटली.

"कशी झाली होती?" त्यानं विचारलं.

"काय?"

"लढत. मला अर्धीच दिसली."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं सांगायला सुरुवात केली. पहिल्या फेरीपासून, एकेक ठोसा, एकेक पाऊल. सातव्या फेरीत हॉल कसा उभा राहिला, मास्तरांनी टॉवेल दातात कसा धरला होता. तो मान वळवून ऐकत राहिला. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला.

बाहेर आला तेव्हा बायको बाकावरून उठून उभी होती.

"किती वेळ! काय म्हणाल्या?"

"मोतीबिंदू आहे. पुढच्या बुधवारी काढतील."

"आणि ते म्हातारे डॉक्टर? आहेत का अजून?"

तिनं हे पिशवीचे बंद सारखे करता करता विचारलं. बंद आधीच सारखे होते.

"आहेत," तो म्हणाला. "झोपले होते. उठवलं नाही."

तिचे खांदे जरासे खाली आले. दोघं फाटकाकडे चालू लागली. रस्त्यावर दुपारची वर्दळ होती, गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. कडेला थांबल्यावर त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "तू माझी एकही लढत पाहिली नाहीस ना?"

"एकीला आले होते."

"कुठल्या?"

"तुम्ही अजिंक्यपद जिंकलात ती. मागे, उभ्याच्या तिकिटावर. म्हटलं, काही झालं तर आपलं कुणीतरी हवं तिथं."

"कधी बोलली नाहीस ती!"

"तुम्ही विचारलं कुठं?"

"मग? कशी वाटली?"

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "अकराही फेऱ्या डोळे गच्च मिटून उभी होते."

आणि गाड्या जरा पांगल्या तशी ती त्याच्या मागून वळसा घालून डाव्या हाताला आली, त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "चला."