मौनाचा सोमवार

श्रावणातले सोमवार मालतीबाई दिवस मावळेपर्यंत मौन धरत. सोलापुरातल्या त्या गिरणीत लेबर वेल्फेअर ऑफिसर होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. सोमवारी बाई चिठ्ठ्या लिहून काम भागवतात, हे गेटवरच्या शिवशरणलाही ठाऊक होतं. मॅनेजर गंगाधररावांची मीटिंग एरवी गुरुवारी असायची. चौऱ्याहत्तरच्या श्रावणात नेमकी ती सोमवारी लागली.

विषय पाळणाघराचा होता. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांची नऊ लेकरं तिथं असत. ती खोली स्टोअरला हवी होती, आणि लेकरांना रंगखात्यामागच्या शेडमध्ये हलवायचं घाटत होतं. तिथल्या अ‍ॅसिडच्या वासानं मोठ्या माणसाचेही डोळे चुरचुरत. त्या बायकांतल्या गोजरबाईचं तान्हं तर आधीच धाप लागणारं. शनिवारी तिनं बाईंचा हात धरला होता. "बाई, आमचं सायब ऐकत न्हाईत. तुमी तेवढं बोला की."

"बोलते," असं बाईंनी सांगितलं होतं.

रविवारी त्यांनी तीन पानांचं टिपण लिहिलं. पहिल्या पानावर साहेबांच्या कारकिर्दीतल्या सुधारणा, दुसऱ्यावर कायद्याची कलमं. वासाची गोष्ट तिसऱ्या पानावर, तीही तळाशी. कुणाला टोचू नये म्हणून.

मीटिंगमध्ये साहेबांनी पहिलं पान वाचलं, खूश झाले, आणि टिपण पेपरवेटखाली सरकवलं. "मग शेडचं काय, बाई? काही हरकत?"

मालतीबाईंनी तिसऱ्या पानाकडे बोट दाखवलं. साहेब तोवर स्टोअरच्या तिप्पण्णांकडे वळले होते.

"सोमवारी बाईंची कशालाच हरकत नसते," तिप्पण्णा म्हणाले. सगळे हसले. मालतीबाईही हसल्या.

एक शब्द पुरला असता. तेवढ्यानं महादेव काही कोपला नसता, हे त्यांना बसल्या जागी कळत होतं. आणि साहेबांपुढे तोंड उघडावं लागत नाही, म्हणून आतून हायसं वाटलं होतं, हेही.

दुपारीच पाळणे हलले. गोजरबाई कांड्या टाकून तशीच आली. "बोलला न्हवं, बाई?"

बाईंनी चिठ्ठीसाठी पेन उचललं.

"मला कुटं वाचता येतंय? तोंडानं सांगा."

"नाही बोलले," मालतीबाई म्हणाल्या. सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा निघाला.

गोजरबाई त्यांच्याकडे बघत राहिली. "व्रत तुमचं, आन् फेडायचं आमच्या लेकरांनी व्हय?"

मालतीबाई उठल्या. चप्पल घालायचंही भान राहिलं नाही. साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, त्या शेडमध्ये लेकरांना श्वास घेता येत नाही. माझी हरकत आहे. सकाळीही होती."

साहेबांनी चष्मा काढला. "मग हे पहिल्या ओळीत लिहायचं की, बाई. मी काय तीन पानं वाचत बसू?" त्यांनी हुकूम फिरवला, पण खोलीत स्टोअरच्या पेट्या छतापर्यंत लागल्या होत्या. त्या हलवायला आठ दिवस लागणार होते.

ते आठ दिवस मालतीबाईंनी आपलं टेबल शेडमध्ये, पाळण्यांच्या शेजारी मांडलं. डोळ्यांना पदर लावत त्या काम करीत. गोजरबाई रोज लेकरू ठेवून जाई, त्यांच्याकडे न बघता. लेकराची धाप मात्र त्यांना दिवसभर ऐकू येई.

पुढच्या सोमवारी त्यांनी उपास धरला, मौन धरलं नाही. बेल वाहताना पिंडीकडे बघवेना.