ताटलीचं तोंड

भुशाची ती ओली, तपकिरी गोळी कमलाकांतच्या अंगठ्याला चिकटली होती आणि झटकली तरी सुटत नव्हती — सागाचाच भुसा, पण त्यात मुशी माशाच्या काळजाचं तेल वर्षानुवर्षं असं मुरलेलं, की वास लाकडाचा नव्हताच, सडक्या पोटाचा होता. म्हणजे होडीच्या अंगात हे होतं तर... हिच्यावर झोपलो, जेवलो, आणि आत हे. ओहोटीच्या चिखलात कुशीवर कलंडलेली होडी, पठाणाच्या — तळाच्या त्या लांब लाकडाच्या — शेजारी पाडलेलं भोक, आणि त्यात नागोराव फिटर नाकाला रुमाल बांधून पितळी ताटली बसवत होता. परभणीचा माणूस, मासा बघितला तरी थुंकायचा.

“ही खाली आवाज सोडते, काका. तो तळावर आपटून परत येतो, अन् वर यंत्रात रेघ उमटते. खड्डा असला तर खड्डा, खडक असला तर खडक.”

“आनि विहीर असली तर?” होडीच्या काठावरून कृष्णकांतनं विचारलं.

“विहीर असली तर विहीर.”

“मग उद्या पयली खेप तिकडंच, बाबा.”

कमलाकांतनं अंगठा पुन्हा चिखलात घासला. दोन लेकरांचा बाप झालेला हा मुलगा, आणि अजून... तारापूरसमोर समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याची बांधीव विहीर आहे, हे त्यानं ह्यालाच झोपवताना पहिल्यांदा सांगितलं होतं. मग बोईसर स्टेशनातल्या चहावाल्याला, मग अणुभट्टीच्या कामावर आलेल्या, सालवडला राहणाऱ्या परमुलखातल्या लोकांना. दर खेपेला विहिरीला एक पायरी वाढे. तिच्या पाण्यात मी तूरडाळ शिजवली, आमच्या पाम गावच्या विहिरीच्या पाण्यात जी जन्मात शिजली नाही ती लोण्यासारखी झाली — लोक हसत, वर चहा पाजत. हसण्यासाठीच होतं ते. हा का कधी हसला नाही? त्या भाबड्या, वर वळलेल्या तोंडाची त्याला शिसारी आली. आणि ती आली म्हणून स्वतःचीही.

कृष्णकांतची आई जमना भाकरी घेऊन आली, भोकाकडे वाकून बघत नवऱ्याला म्हणाली, “काय वो, विहिरीवर आता पोहरा नाय, ताटली सोडनार काय?” आणि पदराआड हसली. विहीर नाहीच, हे तिला पहिल्या रात्रीपासून माहीत होतं.

नागोरावनं शेवटचा बोल्ट आवळला. “तळाला तेलचुना लावा खुशाल, पण ताटलीच्या तोंडाला नको. थर बसला की बहिरी झाली समजा.” आणि तो हात घासायला ओढ्याकडे गेला.

तेलचुना, मुशीच्या तेलात कालवलेला चुना, तांडेलानंच — होडीच्या म्होरक्यानंच — लावायचा, आणि बोटभरही जागा उघडी सोडायची नाही; उघड्या जागेत किडा शिरतो. बापानं तसंच केलं, मी तसंच केलं. कमलाकांतचा बोळा पठाणावरून सरकत आला, ताटलीच्या कडेशी थांबला... आणि तिच्या तोंडावरून फिरला. हातानं आपोआप केलं, असं म्हणता आलं असतं. लगेच त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं. तेल गेलं नाही, पसरलं. पुन्हा पुसलं. पितळेवर पिवळसर, घाणेरडी चमक — ती तेलाची की पितळेची, ते आता त्यालाही कळेना. नाहीतर सांगता येईल, विहीर गेल्या पावसात वाळूनं बुजली... सगळी गोष्ट तयारच होती, कुठून वाळू आली, कोणी पाहिलं, सगळं. पण ती जिभेवर आली तशी त्याला ओकारी आली. आजवर स्वतःच्या गोष्टीची अशी कधी आली नव्हती.

भरतीचं पाणी घोट्याला लागलं.

“बाबा,” वरून कृष्णकांत म्हणाला, “लक्शात ठेवायला बरं... कंच्या अंगाला हाय ती विहीर?”

शेकडो वेळा दाखवलं होतं. हात न विचारता जायचा, कधी उत्तरेला, कधी मावळतीला. तो आताही उचलला गेला, आणि तेलानं माखलेलं बोट अख्ख्या समुद्रासमोर अधांतरी राहिलं — कुठंही दाखवलं, तरी तिथं उद्या हा जाणार होता.