बेअरिंगवाला मेसेज

इकडं हिंदी मुलखात, उरल्यातल्या आमच्या रोलिंग मिलमध्ये ते मेसेजचं ॲप आलं, तेव्हापासून माझं डोकं उठलं आहे. मी मंदाकिनी, स्टोअरची क्लार्क. एकतीस वर्षं इथली धूळ खाल्ली, येत्या मार्चात रिटायर होते. पहिले फिटर लोक चिठ्ठी घेऊन खिडकीवर यायचे, दोन शब्द बोलायचे, सही करून सामान न्यायचे. आता दिवसभर टुणटुण. पंखा बंद आहे, टुण. कॅन्टीनात भेंडी आहे, टुण. अन् आमचा मॅनेजर पराग साहेब, त्याचा नियम असा का दहा मिनिटांत मेसेजवर अंगठा नाही दाबला तर सगळ्यांसमोर नाव घेते. मंग काय, जेवता जेवता दाबतात, बाथरूमात दाबतात. वाचायले टाइम कोणाले आहे?

यशदीपले मात्र ॲप भारी आवडे. ठेकेदाराचा फिटर, दोन पोरींचा बाप, हाताचा पक्का. एकदा मी ॲपले शिव्या देऊन राहिली होती, तर म्हणे, "दीदी, चिठ्ठी तो आप गुमा देती थीं. इसमें लिखा रहता है." मले राग आला. खोटं नव्हता बोलला, म्हणून जास्तच आला.

मागच्या सोमवारी दुपारी त्यानं ॲपवर टाकलं, मशीनच्या तीन नंबर स्टँडचं बेअरिंग गरम होऊन राहिलं, स्टोअरनं नवीन काढून ठेवावं. चौदा अंगठे पडले, त्यात माझाही. बेअरिंग काही निघालं नाही. मंगळवारी सकाळी जुनं फुटलं अन् मिल अकरा तास बंद पडली. बुधवारी यशदीपचा गेटपास जमा करून घेतला. कारण काय, तर फिटरनं वेळेवर कळवलं नाही. त्याचं लॉगिनही बंद केलं, म्हणजे स्वतःचा मेसेज त्याले स्वतःले दिसेना.

संध्याकाळी सुटी झाल्यावर तो गेटबाहेर उभा होता. "दीदी, आपके फोन में तो होगा ना? बाकी तेरह लोगों से पूछ लिया. कोई दिखाता नहीं, सब बोलते हैं, पढ़ा ही नहीं."

"मी बी नाही वाचला रे," मी म्हटलं. "पण उद्या साहेबाले दाखवते."

त्यानं मान हलवली. मले त्याच्याकडे पाहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये साहेबानं माझ्या फोनवर मेसेज पाहिला. नागपूरचा माणूस, माझ्याशी मराठीतच बोलते. "मंदाताई, अंगठे तर सगळेच दाबतात. वाचला कोणी? कोणी वाचलाच नाही तर त्यानं कळवलं असं कसं म्हणायचं? फोन करायचा होता, खिडकीवर यायचं होतं." मंग फोन माझ्याकडे सरकवला. "तुम्ही तरी वाचला होता का? नाही ना? मार्चात सुटून राहिल्या तुम्ही, काहून लफड्यात पडता?"

प्रेमानंच बोलला. माझ्यासाठी चहा मागवला. बस, "नाही" म्हणायचं अन् उठायचं होतं. हो म्हटलं तर मार्चाच्या आधी माझ्याच हातात चार्जशीट.

लय थकवा आला मले. सोमवारी मी डबा खाऊन बसली होती. मेसेज आला, पुरा वाचला. बेअरिंग वरच्या रॅकवर होतं, शिडी लावावी लागे, अन् माझे गुडघे ठणकत होते. पण खरं सांगू का, गुडघे निमित्त होते. मोठा आला ॲपवर मागणारा, येऊ दे खिडकीवर, मंग देऊ, असं मनात आलं. अंगठा दाबला अन् फोन उलटा ठेवून दिला.

"वाचला होता," मी म्हटलं.

साहेबानं कप खाली ठेवला. "काय?"

"पुरा वाचला होता. त्यानं कळवलं होतं, साहेब. त्याले आत घ्या."

"मग बेअरिंग काहून नाही काढलं?"

"लिहून घ्या, मी सही करते," मी म्हटलं. "मुद्दाम नाही काढलं."