रोकाल्बाच्या कचेरीतला उलटा माणूस

मी रोकाल्बा गावची जुनी कचेरी बोलतेय. पण आधी सांगा, तुम्ही कोणाकडचे? वरच्या आळीचे की खालच्या? रागावू नका. संशय माझ्या पायाच्या दगडांतच भरलाय.

माझा जन्मच मुळी अविश्वासातून झाला. इथले लोक एकमेकांना पाण्यात पाहायचे. म्हणून कारभारी परगावाहून आणायचा आणि वर्षभरानं घालवायचा, असा रिवाज पडला. तो माझ्याकडेच राहायचा, एकटाच जेवायचा. गावात कुणाच्या घरी घासभर खाल्लं तरी लोक म्हणायचे, फितला!

गावातला जो कुणी शत्रूला खरंच फितूर निघाला, किंवा नुसता तसा वाटला, त्याचं चित्र माझ्या भिंतीवर काढायचे. पाय वर, डोकं खाली, उलटा टांगलेला. शेकडो वर्षांपूर्वी इथल्याच लान्फ्रेदी घराण्यातल्या एकाचं असंच काढलं. पुढे त्यावर चुना चढला, माझ्यात धान्याची पोती आली, मग शाळा भरली. चित्र झाकलं गेलं, पण त्या घराण्याला गाव अजून ‘उलट्याचे’ म्हणतं.

आता माझ्यात प्रदर्शनं भरतात. येणारा प्रत्येकजण भिंतीला हात लावून बघतो. मला ते मुळीच खपत नाही. यंदा फेर्रारा शहरातून जुनी चित्रं उजळणाऱ्या ओर्तेन्सियाबाई आल्या आणि चुना खरवडून ते चित्रच बाहेर काढायला लागल्या. काम वरून खाली चाललेलं, त्यामुळे आधी पाय दिसले, मग पोट. चेहरा तेवढा राहिला.

आणि माझा राखणदार कोण? उबाल्दो लान्फ्रेदी!

“काय रे उबाल्दो,” समोरचा पाववाला नेल्लो दारातूनच ओरडला, “उद्या खापरपणजोबा तोंड दाखवणार म्हणे! नाक तुझंच असणार बघ.”

उबाल्दोनं बाईंची चुना काढायची बारीक सुरी गुपचूप खिशात टाकली. माझ्या मनात पाल चुकचुकली. हा चेहरा खरवडून टाकणार. जन्मभर टोमणे खाल्लेला माणूस दुसरं काय करील?

सकाळी बाई यायच्या आत तो आला. भिंतीपाशी गुडघे टेकले, सुरी काढली. मला ओरडता येत असतं तर गाव गोळा केलं असतं. पण सुरी माशातले काटे काढावेत तशी हलकेच चालली. चुना तेवढा गळत होता.

“उबाल्दो!” ओर्तेन्सियाबाई दारातून किंचाळल्या. “काय चालवलंय हे? सुरी ठेवा आधी खाली!”

त्यानं सुरी ठेवली. मान पार जमिनीपर्यंत वाकवून तो त्या चेहऱ्याकडे बघत होता. विशीतलं पोर, डोळे भेदरलेले.

“बाई, मेलेल्याचं तोंड आधी घरचे बघतात,” तो म्हणाला. “मग गाव.”

बाई त्याच्याकडे पाठ करून दारात उभ्या राहिल्या. डोकावायला आलेल्या नेल्लोलाही त्यांनी आत सोडलं नाही.

त्या पोरानं खरंच फितुरी केली होती का? चित्र काढलं त्या वर्षी माझ्या छताखाली आरडाओरडा पुष्कळ झाला. पुरावा कुणी आणल्याचं मला आठवत नाही.

प्रदर्शन सुरू आहे, जरूर या. पण त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी एकदा गुडघे टेका आणि त्याचे डोळे बघा.