दिवाणखान्यातला निवडुंग

सोलापूरबाहेर, होटगीच्या वाटेवर, येडू आणि केराबाई या धनगर नवराबायकोचं मेंढरांचं वाडगं होतं. भोवती फड्या निवडुंगाचं पुरुषभर उंच कुंपण. येडूच्या बापानं लावलेलं. साठ मेंढरं त्याच्या भरवशावर निर्धास्त बसायची.

केराबाई रोज सकाळी शेळीचं दूध घेऊन शहरात यायची. शाळेतल्या ड्रॉइंगमास्तरांचं, वेणीमाधवांचं तान्हं बाळ त्या दुधावर होतं. एकोणीसशे एकतीस सालच्या फाल्गुनात मास्तरांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी तिच्याकडे निवडुंगाचं एक पान मागितलं.

"कशाला वैनी? नजर काडायची हाय व्हय?"

"दिवाणखान्यात ठेवायला. एका साहेबांच्या घरी टेबलावर पाहिला मी. फार देखणा दिसत होता."

केराबाईला हसू आवरेना. "घरात निवडुंग? आवं, त्यो बांधाला न्हायतर मसनवट्यात!"

पण दुसऱ्या दिवशी तिनं फडक्यात गुंडाळून पान आणलं. दुर्गाबाई लगेच लावायला निघाल्या, तशी तिनं अडवलं. "ओलं रोवलं तर कुजतंय. आट दिस सावलीत पडू द्या. देठ वाळला की लावू."

ते आठ दिवस बरणी सजवण्यात गेले. लोणच्याची एक बरणी तळाशी तडकली होती. मास्तर म्हणाले, बरंच झालं, जादा पाणी तिथून निघून जाईल. दुर्गाबाईंनी बाहेरून चुना थापला आणि त्यात फुटक्या बांगड्यांचे हिरवे-तांबडे तुकडे वेलीसारखे बसवले. केराबाईनं सीना नदीची वाळू आणली. तळाला खापऱ्या, वर विटांचा चुरा आणि वाळू. मग चिमट्यात धरून तिनंच ते पान उभं केलं. "पानी इसरलात तरी चालंल, पर जास्ती घालू नगा," असं बजावलंही.

वैशाखात पानाच्या टोकाला अंगठ्याएवढं कोवळं पान फुटलं. दूध ओतून झालं की केराबाई उंबऱ्याशी उभी राहून ते बघायची. दिवाणखान्यात तिच्या वाडग्यातलं काहीतरी मांडलंय, याचं तिला अप्रूप होतं.

ज्येष्ठात वाडग्याच्या कुंपणावर पांढरं काहीतरी दिसू लागलं, कापूस चिकटल्यासारखं. येडूनं बोटानं चिरडलं, तर बोट कुंकवात बुडवल्यागत लाल झालं. त्यानं राख उधळली, चुन्याचं पाणी मारलं, तंबाखू उकळून शिंपडली. किडा हटेना. पानं पिवळी पडली, मग मऊ होऊन एकेक गळू लागली.

शेजारचा शेतकरी शिवप्पा म्हणाला, "सरकारनंच सोडलाय म्हनं ह्यो किडा. रानंच्या रानं गिळली हुती ह्या निवडुंगानं. आमाला तर बरंच झालं की."

शिवप्पाचंही खोटं नव्हतं.

कुंपणाला खिंडारं पडली. येडूनं बाभळीच्या फांद्या लावल्या, त्या वाऱ्यानं सरकल्या. एका सकाळी सात मेंढरं फाडलेली सापडली. पुढच्या आठवड्यात लांडग्यानं आणखी चार नेली. येडू दिवसा चारायला जायचा आणि रात्रभर काठी घेऊन बसायचा. बसल्या बसल्या त्याचा डोळा लागायचा.

केराबाई दुर्गाबाईंकडे आली. "वैनी, तुमच्या बरनीतलं येक पान द्या. आमच्याकडं जित्तं येक ऱ्हायलं न्हाय."

"एका पानानं कुंपण कसं होणार गं?"

"पाच-सात सालांत हुईल की." बोलता बोलता तिलाच कळलं, आपण काय बोलतोय ते. पण ती तशीच उभी राहिली.

दुर्गाबाईंनी बरणी उचलून उजेडात ठेवली. "अख्खंच ने."

केराबाई वाकली. कोवळ्या पानाच्या बुडाशी पांढरा ठिपका होता. मागच्या बाजूला आणखी तीन.

"माज्या लुगड्याला चिकटून आलं आसंल," ती म्हणाली. "रोज हितं उबी ऱ्हात हुते न्हवं."

"तुझा काय दोष त्यात?" दुर्गाबाईंनी बोळ्यानं रॉकेल लावलं. आठ दिवसांत दोन्ही पानं वाळूवर लोळली. मास्तरांनी कुणाकुणाला उपाय विचारले. कुणालाच ठाऊक नव्हता.

आषाढात उरलेली मेंढरं हाकत येडू आणि केराबाई नातेपुत्याकडे निघाली. तिथं केराबाईचा भाऊ गुंडा राहायचा. पोचायला सहा दिवस लागले. गुंडानं आपल्या मेंढरांच्या वाडग्याचं दार उघडलं. येडूची मेंढरं आत घुसली आणि त्याच्या कळपात मिसळली. येडू मात्र दारातच थांबला.

"दाजी, आत या की," गुंडा म्हणाला.

"कुटं बसू?" येडूनं विचारलं.

केराबाईनं डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं. नवऱ्यानं असं कुणाला विचारलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.