मागची लाइट

मैनाने शेवटचा स्क्रू ओठांत धरला आणि टेम्पोच्या मागची लाल काच अलगद सोडवून मांडीवर घेतली. आतला बल्ब कालच नवा घातला होता. तिने तो दाबून, फिरवून बाहेर काढला, पदराने पुसला आणि शेडच्या पत्र्याखालून येणाऱ्या सकाळच्या उजेडात वर धरला. आत दोन तारा. एक पार्किंगच्या मंद लाइटची, दुसरी ब्रेकची. दोन्ही अखंड होत्या.

"बल्बमदी देव दिसतो का काय गो?" ओटीवरून तिचा नवरा काशिराम म्हणाला.

"तार बघते," ती ओठांतला स्क्रू न काढताच म्हणाली.

"तार कालच बघितलीस ना?"

"देवाला पन कालच हात जोडले होते. आज नको का जोडायला?"

काशिराम हसला. हा टेम्पो त्याने बावीस वर्षं चालवला होता. मग काचबिंदूने दोन्ही डोळ्यांवर धुकं धरलं आणि एके दिवशी चावी त्याने गुपचूप देव्हाऱ्याजवळ ठेवून दिली. ती मैनाने उचलली. मिठागराच्या बांधावर नवऱ्यानेच तिला हौसेने गाडी शिकवलेली. त्या हौसेवर आता चार वर्षं घर चाललं होतं. उरणच्या बाजूने मिठाच्या गोण्या भरायच्या, पनवेलच्या बाजारात आणि बर्फाच्या कारखान्यांत उतरवायच्या, परत यायचं. गिऱ्हाईक तिला मीठवाली म्हणे. टेम्पोवाली कुणी म्हणत नसे, याचं तिला थोडं वाईट वाटे.

सोमवारी टेम्पो पनवेलला आरटीओत पासिंगला नेला होता. साहेबाने ब्रेक दाबायला सांगितला आणि मागे जाऊन उभा राहिला. ब्रेकच्या लाइट लागल्याच नाहीत. उलट कडेचे छोटे दिवे भलत्या वेळी मिणमिणले. साहेबाने कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि गुरुवारी अकराची वेळ दिली.

त्याच रात्री निकेशने ताटावरून उठता उठता विषय काढला होता. तिचा एकुलता मुलगा, द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर. "गुरुवारी नापास झाली तर भंगारात. आई, बोल."

"बोलले," मैना म्हणाली होती.

मैनाने एकदा बोलले म्हटलं की पुढे कागदाची गरज नसते हे निकेशला ठाऊक होतं. लहानपणापासून त्याने तिचे उपास, तिचे नेम पाहिले होते. तापाने फणफणली तरी तिने कधी एक वार चुकवला नव्हता. म्हणून तर त्याने तो शब्द मागितला होता.

आज गुरुवार. तिचा उपास होता, चहा तेवढा झाला होता. सात वाजून गेले होते. निकेशने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि तो टेम्पोच्या मागे, स्वतःच्या नव्या पांढऱ्या गाडीला टेकून मोबाइल बघत उभा होता. ती गाडी घेऊन दोन महिने झाले होते. बॉनेटवर अजून कुणी हात ठेवलेला त्याला खपत नसे.

"निक्या, बघ रे," बल्ब परत बसवून मैना केबिनमध्ये चढली. ब्रेकच्या लाइटची हीच खोड. दाबणारा पुढे, लाइट मागे. दाबणाऱ्याला ती कधी दिसत नाही. बघणारा दुसराच लागतो. काशिरामच्या डोळ्यांचा आता उपयोग नव्हता. काल तिने त्याला मागे उभं केलं तर तो म्हणाला होता, "मला नको इचारू. मला सगळंच लालसर दिसतं."

तिने ब्रेक दाबला. "लागली?"

"नाय."

फ्यूज तिने कालच बदलला होता. ब्रेकच्या दांड्याशी असलेला स्विचही काढून, त्याच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून पाहिला होता. स्विच ठीक होता. मागे वीज येत होती, बल्ब धड होता, तरी उजेड नव्हता.

"आई, याला काय अर्थ नाय," निकेश म्हणाला. "सव्वीस वर्षांची गाडी. किती दिवस ठिगळं लावणार? बॉडी गंजलीय, दरवाजा दोरीने बांधतेस..."

"दरवाजा लागतो. दोरी आपली असावी म्हणून."

"सगळे हसतात."

मैनाने मोबाइल काढला. तिने कल्पेशला फोन लावला. खांदा कॉलनीच्या रस्त्यावर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. आज तो नात्यातल्या हळदीला उरणला गेला होता आणि मागे बेंजोचा आवाज येत होता. ब्रेक दाबला की कडेचे दिवे मिणमिणतात, एवढं तिने सांगितलं आणि तो लगेच ओरडला, "मावशी, तुमच्या गाडीला अर्थ नाय!"

मैनाचे कान तापले. "तू पन? माझ्या गाडीवर पोट भरलंस इतकी वर्सं, आनि आता अर्थ नाय?"

पलीकडे तो एवढा हसला की बेंजो ऐकू येईना. "अवो मावशी, अर्थ म्हंजे अर्थिंग! वायरीतून करंट बल्बला जातो, तो परत बॉडीतून बॅटरीला येतो. परतीची वाट बंद झाली की तो भलत्या दिव्यातून घुसतो. म्हनून ते मिणमिणतात. मला सांगा, मागे काय काम केलं काय?"

"काय नाय. पासिंगसाठी रंग मारला फक्त. सगळ्या बॉडीला, हिरवा."

"दिव्यांच्या खाली पन?"

"खाली पन. अर्धवट कशाला ठेवू?"

"मग तुमीच वाट बंद केली. रंगातून करंट जात नाय. आनि मिठाने स्क्रू खाल्ले असतील ते वेगळंच. रंग खरवडा, लोखंड दिसंपर्यंत. स्क्रू नवे घाला. लाइट नाय लागली तर माझं नाव बदला."

फोन ठेवून तिने ओटीकडे पाहिलं. काशिरामला सगळं ऐकू आलं होतं.

"म्हंजे नटवलीस म्हनून बिघडली," तो म्हणाला. "आमच्या वेळेला असं नव्हतं. तवा नटवल्यावर सुधारायच्या."

"गप बसा."

पण ती हसत होती. पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन ती मागे उकिडवी बसली. कोपऱ्यात मिठाने कुरतडलेला स्क्रू बोट लावताच पावडरीसारखा झडला. त्याच्याभोवती तिनेच आठवड्यापूर्वी दोन हात देऊन लावलेला हिरवा रंग. घासता घासता तो निघाला, खालचा जुना निळा निघाला, त्याच्याखालचा काशिरामच्या वेळचा पिवळा निघाला आणि मग नाण्याएवढं लोखंड चमकलं. तिने नवा स्क्रू पिळला. डावीकडे झालं, मग उजवीकडे. हाताला हिरवी पूड चिकटली होती.

काचा बसवून ती केबिनमध्ये चढली. "बघ रे आता."

दाबला.

"नाय."

मैना उतरली, दोन्ही काचा पुन्हा काढल्या, स्क्रू आणखी पिळले, बल्ब बसतो ती जागाही घासली. साडेआठ झाले. खांद्यातून कळ निघाली.

"बघ."

"नाय लागत, आई. सोड ना आता. मी माणूस बोलावतो, तो येऊन घेऊन जाईल. तुला बघायला पण लागणार नाय."

बोललेलं बोललेलं होतं. तिने तोंड फिरवलं ते बाजूच्या आरशाकडे. आरशावर हिरव्या रंगाचा एक शिंतोडा होता. तो पुसायला तिने पदर घेतला, आणि पाय ब्रेकवर होता तो तसाच राहिला होता. आरशात मागची पांढरी गाडी दिसत होती. शेडच्या सावलीत तिचं बॉनेट गुलाबी झालं होतं.

मैनाने पाय उचलला. बॉनेट पांढरं.

दाबला. गुलाबी. दोन्ही बाजूंनी सारखं.

तिने पुन्हा एकदा उचलला, दाबला. देवापुढे घंटा वाजवावी तसा, घाई न करता.

"आता?" तिने विचारलं.

"नाय गो," मागून निकेश म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "डावी पन नाय, उजवी पन नाय."

तिने आरशावरचा शिंतोडा पूर्ण पुसून काढला. पदराचं टोक नीट खोचलं. मग ती खाली उतरली आणि केबिनचं दार उघडंच धरून उभी राहिली.

"तू बस. मी बघते."

"मी कशाला? मला यातलं काय कळतंय?"

"दाबायला काय कळायचं? तुझ्या गाडीत हाय तसाच ब्रेक हाय."

निकेशने मोबाइल खिशात टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला. मग चढला. लहानपणी तो या सीटवर बापाच्या मांडीत बसून हॉर्न वाजवायचा. आता त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते.

मैना मागे जाऊन उभी राहिली. त्याची पांढरी गाडी तिच्या पाठीशी होती.

"दाब."

बराच वेळ काही झालं नाही. मग दोन्ही लाइट एकदम लागल्या. तिच्या साडीच्या निऱ्या लाल झाल्या, हातावरची हिरवी पूड काळी दिसू लागली. एवढ्या स्वच्छ लाल लाइट या गाडीला काशिरामच्या काळातसुद्धा नव्हत्या. तिने त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. पण बोलली नाही.

निकेश आरशात बघत होता. आरशात त्याला आई दिसत होती, तिच्या अंगावरचा लाल रंगही दिसत होता.

"आई?"

ती उभीच.

"आई, सोडू का?"

ती हलली नाही. कुठेतरी शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली. निकेशचा पाय ब्रेकवर अवघडला असावा, कारण टेम्पो किंचित हलला. लाइट मात्र तशाच राहिल्या.

"अरे काय झालं काय?" ओटीवरून काशिराम म्हणाला. "लागली का नाय? कोनी बोलाल का?"

"लागली," शेवटी केबिनमधून निकेश म्हणाला.

ओटीवर काशिराम थोडा थांबला. त्याने न दिसणारे डोळे टेम्पोच्या दिशेने वळवले.

"तुला रे आतून कशी दिसली?"

निकेशने पाय काढला. शेड पुन्हा सावलीची झाली. मैना चालत पुढे आली आणि दाराशी उभी राहिली.

"मागून कंटेनर येतात आई त्या रोडला," तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "तुला माहीत नाय. मी रोज बघतो. दोन महिन्यांत किती अपघात..."

"मागून येनाऱ्याला लाइट दिसत नाय, याचीच भीती होती ना तुला? आता दिसते."

अंगठ्याने त्याने स्टिअरिंगच्या फाटक्या कव्हरचा दोरा ओढला. मग खूप हळू म्हणाला, "गोदामाच्या गेटवर पोरं विचारतात. ती मीठवाली तुझी कोण लागते."

"मग?"

"मग काय."

"काय सांगतोस त्यांना?"

निकेशने दोरा ओढला तो तुटला. त्याने तो बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. काशिराम ओटीवर खोकला आणि घरात निघून गेला. भिंतीला हात लावत, पण नेहमीपेक्षा लवकर.

मैनाने आणखी एकदा विचारलं नाही.

"उतर," ती म्हणाली. "मला अकराला पोचायचंय."

तो उतरला. तिने नळावर हात धुतले. हिरवा रंग नखांतून गेला नाही, तिने तो राहू दिला. घरात जाऊन देवासमोर उभी राहिली, कागदांची पिशवी घेतली आणि बाहेर आली. निकेश अजून शेडच्या खांबापाशीच होता.

"तू पन गाडी काढ."

"मी? कशाला?"

"माझ्या मागून ये. पनवेलपर्यंत लाइट लागते का नाय, ते बघ. तिथं साहेबाने इचारलं तर सांगायला कोनी नको?"

"साहेब स्वतः बघेल ना."

"साहेब बघेल. तू पन बघ."

दार तिने दोरीने बांधलं. टेम्पो पहिल्या फटक्यात सुरू झाला. शेडमधून बाहेर पडताना तिने आरशात पाहिलं नाही. मागे इंजिन चालू झाल्याचा आवाज तिला ऐकू आला तेवढा पुरे होता.

गावच्या शाळेसमोर पहिला गतिरोधक लागतो. तिथे पाराजवळ चार माणसं पेपर वाचत होती, दोन पोरी दप्तरं सावरत रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. मैनाने ब्रेक दाबला. पोरी गेल्या. पेपरवाल्यांनी मान वर करून आधी टेम्पोकडे, मग त्याच्यामागे अगदी चिकटून थांबलेल्या नव्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. एकाने टेम्पोकडे हात करून निकेशला काहीतरी विचारलंसुद्धा. त्याने काय सांगितलं ते तिला ऐकू आलं नाही.

रस्ता मोकळा झाला होता. त्याच्याही मागून कुणीतरी हॉर्न दिला.

तिने ब्रेकवरचा पाय उचलला नाही.